क्लीन म्हणजे स्टराइल नव्हे

आमच्या थोरल्या जाऊबाईंबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. धाकट्या जावेच्या ते जिवावर यावं अशी जगाचीच रीत आहे, त्यात माझा काही दोष नाही. घरात चोवीस तास त्यांचं तोंड बघायला नको म्हणून मी नोकरी धरली, तर नशीब असं की नोकरीही त्यांच्याच हॉस्पिटलात मिळाली. त्या ऑटोक्लेव्हच्या खोलीत, मी शेजारी कापडांच्या खोलीत. मधे एक दार. ते उघडं राहिलं की त्या ओरडतात, आणि बंद असलं की आत काय चाललंय म्हणून विचारतात.

ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचं मशीन. ऑपरेशनला लागणारं सगळं सामान, कात्र्या, चिमटे, सुऱ्यांच्या मुठी, त्यातून काढल्याशिवाय माणसाच्या अंगाला लावत नाहीत. आमचं हॉस्पिटल लहान, ऑपरेशन थिएटर एकच, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून जाऊबाईंची खोली. तिला दोन खिडक्या. एकीतून वापरलेलं सामान आत येतं, दुसरीतून तयार सामान थिएटरमध्ये जातं. आल्या वाटेने काही परत जायचं नाही, हा तिथला कायदा. एकदा थिएटरच्या सिस्टर घाईघाईत तयार सामानाच्या खिडकीतून वापरलेली कात्री आत सारायला निघाल्या, तर जाऊबाई त्यांच्या बोटांवर खिडकी लावायच्या बेतात होत्या. सिस्टरांनी हात मागे घेतला म्हणून बोटं वाचली.

नवी नर्स कामाला लागली की तिला पहिल्या दिवशी जाऊबाईंसमोर उभं करतात. ट्रेनिंगमध्ये शिकून आलेली असते बिचारी, तरी ऐकून घ्यावं लागतं. जाऊबाई एक घासून लख्ख केलेली कात्री तिच्या डोळ्यांसमोर धरतात.

“काय आहे?”

“कात्री.”

“कशी आहे?”

“स्वच्छ. क्लीन.”

“बरोबर. आणि ही तुझ्या आईच्या पोटात घालशील?”

पोरीचा चेहरा उतरतो. मग जाऊबाई समजावतात, आणि इथे त्यांचा आवाज मऊ होतो, जो घरी आम्ही कधी ऐकला नाही. “क्लीन आणि स्टराइल, दोन्ही शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. पण क्लीन तुला बघता येतं. डाग नाही, घाण नाही, झालं क्लीन. स्टराइल कुणालाच दिसत नाही. जिवंत जंतू एकही उरला नाही, हे डोळ्यांनी कसं बघणार? ते कुणीतरी सांगावं लागतं आणि दुसऱ्याने मानावं लागतं. म्हणून सांगणाऱ्याची जीभ आधी स्टराइल पाहिजे.”

शेवटचं वाक्य त्या दरवेळी टाकतातच. त्यांना ते फार आवडतं.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली आहे, ती इतर कुठे असेल असं वाटत नाही. खिडकीतून पॅक देताना जाऊबाई तोंडाने “स्टराइल” म्हणतात, पलीकडून सिस्टर “स्टराइल” म्हणून घेतात. दोघींनी म्हटल्याशिवाय पॅक हातातून सुटत नाही. मी सुरुवातीला हसायचे. एवढं कशाला, पॅकवर चिकटपट्टी असतेच की. वाफ लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. तर म्हणाल्या, “रेघा काळ्या झाल्या म्हणजे पॅक मशीनमध्ये जाऊन आला, एवढंच. तू शाळेत जाऊन आलीस, म्हणून शहाणी झालीस का?”

आता सांगा, अशा बाईबद्दल चांगलं कसं बोलायचं?

त्यांच्या हिशेबात अधलंमधलं काही नसतंच. पॅक पडला, नाही. फाटला, नाही. ओला निघाला, नाही. कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. आणि नुसती शंका आली तरी नाही. खोलीत हे ठीक आहे. पण बाईसाहेब तोच कायदा घरी घेऊन आल्या आणि पहिला बळी पडली त्यांची सून.

सून चांगली आहे. हसरी, जरा विसराळू. लग्न होऊन आली त्या महिन्यात जाऊबाईंनी विचारलं, दूध तापवलंस का? ही म्हणाली, हो आई. तापवायला ठेवलं होतं, गॅस पेटवायचा राहिला होता. दूध नासलं. एवढीशी गोष्ट! पण त्या दिवसापासून सुनेने तापवलेलं दूध जाऊबाई पुन्हा तापवतात. तिने लावलेली कडी पुन्हा बघतात. तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मलाही ठाऊक आहे, पण म्हणून जन्मभर फुंकतच बसायचं? सून बोलली काहीच नाही. फक्त हळूहळू सासूला काही विचारायची बंद झाली. पोटुशी राहिली तेव्हाही बातमी आधी मला सांगितली. आमच्याच हॉस्पिटलात तपासणीला जायची तीही माझ्याबरोबर, कारण माझा पुतण्या, म्हणजे तिचा नवरा, कामासाठी दुसऱ्या गावी असतो आणि सुटीलाच घरी येतो. जाऊबाई वरच्या मजल्यावर, तपासणी खालच्या मजल्यावर. पण त्या कधी जिना उतरून आल्या नाहीत. बोलावलं नव्हतं ना. मानी बाई, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

आणि मग तो दिवस आला. दिवस भरत आले होते. सकाळी आम्ही दोघी कामाला निघालो, चपला घालत होतो, तेव्हा सून दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “आई, आज तपासणीला तुम्ही याल का? मला जरा कसंतरी होतंय. पोट घट्ट वाटतंय.”

मी तिथेच उभी होते, पण तिने मला नाही विचारलं. जाऊबाई चपलेकडेच बघत म्हणाल्या, “बघते. सामान आटोपलं तर येईन खाली.” रस्त्यात मात्र त्या इतक्या भरभर चालल्या की मला धावावं लागलं.

हॉस्पिटलात गेल्यावर माझं काम सुरू झालं. सामान ज्या जाड कापडांत बांधतात ती धुऊन आली की एकेक कापड मी दिव्याच्या काचेवर पसरते. खालून उजेड येतो आणि टाचणीएवढं भोक असलं तरी दिसतं. त्या दिवशी एका कापडाला घडीच्या रेघेवर भोकं दिसली. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही. धुलाईवाल्याच्या नव्या चिमट्यांना दात होते आणि त्या खेपेची सगळी कापडं त्यांनी चावून ठेवली होती. मी जाऊबाईंना हाक मारली.

त्यांनी एक कापड उजेडावर धरलं आणि विचारलं, “अशी चावलेली किती बांधून गेलीत?”

“बरीच. आधीच्या धुण्यातलीही त्यातच असणार, घडीच्या रेघेवर मला दिसली नसतील.”

त्या रॅककडे गेल्या आणि एकेक पॅक खाली काढू लागल्या. सगळे. शेवटी वरच्या कप्प्यात हात घातला. तिथे सिझरचा राखीव सेट असतो. अचानक बाई अडली, पोट फाडून मूल काढायची वेळ आली, तर तो तयार पाहिजे म्हणून त्याला एरवी कुणी हात लावत नाही.

“अहो, तो राहू द्या,” मी म्हटलं. “बाकीचे तयार झाले की मग काढा. त्याला भोक असेलच असं थोडंच आहे?”

“असेलच असं नाही, म्हणजे नसेलच असंही नाही.” आणि त्यांनी त्याचीही गाठ सोडली.

यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. दुपारी एकही ऑपरेशन ठरलेलं नव्हतं. सगळं सामान नव्या कापडात बांधायचं, वाफवायचं आणि रॅकवर परत ठेवायचं, सरळ काम होतं. फक्त ते मशीनच्या एका फेरीचं नव्हतं, दोन फेऱ्यांचं होतं. आणि दोन फेऱ्या लावल्या असत्या तर तपासणीची वेळ टळली असती.

जाऊबाईंनी सगळे पॅक एकाच फेरीत घातले.

मी डोळ्यांनी बघितलं. पॅकला पॅक चिकटवून, वरच्या फळीवर आडवे, कोपऱ्यात उभे. मशीन म्हणजे प्रवासाची बॅग नव्हे कोंबायला, असं ज्या बाईने मला शंभरदा ऐकवलं असेल, ती गुडघा टेकवून दार लावत होती. मधे जागा राहिली नाही की वाफ नीट खेळत नाही, नंतर ओल सुकत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. असा मोका मी थोडीच सोडते!

“जाऊबाई, अति घाई संकटात नेई.”

त्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं आता फाडून खातील. पण हळूच म्हणाल्या, “तिने आज पहिल्यांदा काहीतरी मागितलंय गं.”

मी बाजूला झाले.

मशीन सुरू झालं. जाऊबाईंनी हात धुतले, केस सारखे केले, अगदी आरशात बघून. फेरी संपत आली की खाली जाणार होत्या. तेवढ्यात खालून फोन आला. मी घेतला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तुमच्या सुनेला शेजारणीने गाडीत घालून आणलंय, लवकर या.

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. सून स्ट्रेचरवर होती. साडी कमरेपासून खाली लाल भिजली होती. चेहरा पांढराफटक. डॉक्टर मॅडम तिच्या पोटावर यंत्र फिरवून बाळाचे ठोके शोधत होत्या. सुनेने माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. म्हणाली, “काकू, बाळ हलत नाही.”

ठोके सापडले, पण मंद. मॅडम सिस्टरांना म्हणाल्या, “वार बाळाआधीच सुटलीय. आत्ता सिझर. थिएटर उघडा, दुसरीकडे न्यायला वेळ नाही.” आणि स्ट्रेचर लिफ्टकडे पळालं.

मी पुन्हा जिना चढले. जाऊबाई मशीनसमोर उभ्या होत्या. त्यांना कळलं होतं. थिएटरच्या सिस्टरांनी खिडकीतून ओरडून सांगितलं होतं. फेरी संपल्याचा दिवा लागला आणि त्यांनी दार उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला, तो ओसरला, आणि मला आतलं दिसलं.

चिकटपट्ट्यांवरच्या रेघा काळ्या कुळकुळीत झाल्या होत्या. आणि प्रत्येक पॅकच्या कापडावर मोठाले ओले डाग होते. खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलं होतं. जाऊबाईंनी एक पॅक बाहेर ओढला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे ओले. कोरडा एकही नाही. छोटं, झटपट वाफवणारं मशीन होतं, ते महिन्यापासून दुरुस्तीला गेलेलं.

खिडकी उघडली. थिएटरच्या सिस्टर, हातात हातमोजे, कपाळावर घाम. “काकू, सिझरचा सेट!”

जाऊबाईंनी सिझरचा सेट दोन्ही हातांत धरला होता. सिस्टरांची नजर रेघांवर गेली. रेघा काळ्या होत्या, त्यांना पुरे होतं. ओला भाग खालच्या बाजूला होता. त्यांनी हात पुढे केला आणि थांबल्या. त्या शब्दासाठी थांबल्या.

खरं सांगते, मी मनात म्हणत होते, म्हणा. म्हणून टाका एकदाचं. एक शब्द तर आहे. आतमध्ये लेकरू गुदमरतंय आणि तुम्ही काय उभ्या राहिल्या आहात! बहुतेक मी मोठ्याने ओरडलेही, “द्या ना!”

जाऊबाई म्हणाल्या, “स्टराइल नाही. वाफ लागलीय, पण पॅक ओला निघालाय. नुसता क्लीन धरा. मॅडमना विचारा.”

सिस्टर म्हणाल्या, “काकू, आत तुमची सून आहे.”

“माहीत आहे. विचारा.”

त्या क्षणी मला जाऊबाईंचा जो राग आला, तसा आयुष्यात कुणाचा आला नाही. मी त्यांचा दंड धरून हलवलं. त्या हलल्या नाहीत. आतून मॅडमचा आवाज आला, “काय अडलंय तिकडे?” सिस्टरांनी सांगितलं. मॅडम स्वतः खिडकीशी आल्या, मास्क लावलेला, हात वर धरलेले.

“सगळेच ओले?”

“सगळे. चूक माझी. मशीन कोंबून भरलं.”

“दुसरी फेरी?”

“पाऊण तास.”

“पाऊण तासाने मला सेट लागणार नाही.” मॅडमनी डोळे मिटून उघडले. मी ते बघितलं. “द्या तो. अंगावर टाकायची कापडं ह्यातली नकोत, विकत आणलेल्या पाकिटातली फोडा. सिस्टर, अँटिबायोटिक आत्ताच चालू करा, मोठं. ऑपरेशननंतरही चालू राहील, मी लिहून देते.” आणि वळता वळता म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत.”

पॅक गेला. खिडकी लागली. सगळं मिळून एक मिनिटही झालं नसेल, पण ते मिनिट माझ्या अंगावरून रोलरसारखं गेलं.

मी जमिनीवरच बसले. जाऊबाई बसल्या नाहीत. त्यांनी ओले पॅक एकेक करून सोडले, सामान पुसलं, पुन्हा कोरड्या कापडात बांधायला घेतलं. अर्धेच मशीनमध्ये मांडले, दोन पॅकांच्या मधे चार बोटं जागा सोडून. त्यांच्या हातून गाठ दोनदा सुटली. मी मदतीला उठले नाही. मनात एकच घोळत होतं, पोरीला काही झालं तर मी ह्या बाईचं तोंड बघणार नाही.

मग भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिरका, मांजराच्या पिल्लासारखा. जाऊबाईंनी मशीनच्या दारावर कपाळ टेकलं. दार गरम होतं, तरी टेकलं.

मुलगी झाली होती. सूनही शुद्धीवर आली. संध्याकाळी पुतण्या पोचला, त्याने लेकीला हातात घेतलं, हसला, रडला, सगळ्यांना मिठ्या मारल्या. सुंठीवाचून खोकला गेला असं मला वाटलं. जाऊबाईंना वाटलं नव्हतं. त्या रोज सकाळी खोलीत जायच्या आधी वॉर्डच्या दाराशी थांबून सिस्टरांना एकच विचारायच्या, “ताप?” आणि “नाही” ऐकून वर जायच्या. नातीला घ्यायच्या नाहीत. मी टोमणा मारला की, नात पण पुन्हा उकळून घेणार का? त्या तशाच वर निघून गेल्या. मलाच माझी लाज वाटली.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी ताप आला. आधी अंग कोमट, मग कणकण, मग सुनेचे दात वाजायला लागले. मॅडमनी पट्टी उघडली. जखमेची एक बाजू लाल, सुजलेली, आणि तिथून पू येत होता. काही टाके काढावे लागले. जखम उघडी ठेवून रोज धुवायची, स्वच्छ झाली की पुन्हा टाके घालायचे, असं ठरलं.

रोजचं ते धुणं मी विसरणार नाही. सून उशी चावायची. ओरडायची नाही, पण तिच्या घशातून जो आवाज निघायचा तो कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. जाऊबाई दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. आत जायच्या नाहीत, लांबही जायच्या नाहीत. इतकी वर्षं चिमटे आणि कात्र्या हाताळल्या त्यांनी, पण ते ज्या जखमेवर लागतात ती कधी बघितली नव्हती. मी म्हटलं, चला आत. म्हणाल्या, “कुठल्या तोंडाने?”

पुतण्याला हे सगळं ठाऊक नव्हतं. त्याला सांगायची गरजही नव्हती. मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या की एवढ्या धावपळीच्या सिझरमध्ये जखम कशानेही चिघळू शकते, अमुकनेच झालं असं कुणी सांगू शकत नाही. सिस्टर बोलल्या नसत्या, मी तर तोंडाला कुलूपच लावलं होतं. पण जाऊबाईंनी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मशीन कोंबल्याचं, पॅक ओले निघाल्याचं, तोच सेट आत गेल्याचं. तपासणीला जायचं म्हणून घाई केली, हे तेवढं सांगितलं नाही.

पुतण्याचा आवाज चढला. “आयुष्यभर आम्हाला शहाणपण शिकवलंस! कुणाचं काही पटलं नाही तुला. आणि माझ्या बायकोची वेळ आली तेव्हाच तुझं मशीन…” त्याला पुढे बोलवेना. मग म्हणाला, “मी तिला इथे ठेवणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात नेतो. तुझा हात लागलेली टाचणीसुद्धा तिला लावू देणार नाही.”

जाऊबाई म्हणाल्या, “ने.”

मग त्या सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या आणि ऑटोक्लेव्हच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. मीही मागे होते. “मला दुसरं काम द्या,” म्हणाल्या. “झाडू-पोछा द्या. माझ्या शब्दावर आता कुणी का विसंबावं?” मॅडमनी किल्ली उचलली नाही. ती तशीच पडून राहिली.

मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “आधी पेशंटला विचारू या, तिला कुठे जायचंय ते.” मग आम्ही सगळेच सुनेच्या खोलीत गेलो. पुतण्या तिथे पिशवी भरत होता. जाऊबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या.

मॅडमनी सुनेला सरळ सांगितलं. जखम आता स्वच्छ झालीय, उद्या टाके घालता येतील. मोठ्या हॉस्पिटलात जायचं असेल तर चिठ्ठी देते, त्यात मला काही वाईट वाटणार नाही.

“चिठ्ठी द्या,” पुतण्या म्हणाला.

सून उशीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. म्हणाली, “थांबा जरा. मला सिस्टरांनी सांगितलंय सगळं. मीच खोदून विचारलं. पॅक ओला होता ना?”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

“आणि वरच्या रेघा काळ्या होत्या?”

“हो.”

“म्हणजे आईंनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.”

पुतण्याच्या हातात तिची शाल तशीच राहिली.

“टाके इथेच घाला,” सून म्हणाली. “सामान मात्र आईंच्या हातचं पाहिजे. दुसऱ्या कुणाचं मला चालणार नाही.”

“अगं, तिच्यामुळेच तर…” पुतण्या म्हणाला.

“असेल. दुखलंय मलाच, तुम्हाला नाही. कोंबायला नको होतं त्यांनी, मी रागावणार आहे त्यांच्यावर, बरी झाले की रागावणार आहे. पण टेबलावर मी होते. माझ्या पोटात त्यांची नात होती. एवढं असूनही त्यांच्या तोंडून खोटा शब्द निघाला नाही. जी बाई तेव्हा नाही म्हणाली, तिने हो म्हटलं तर मी निवांत झोपेन. मोठ्या हॉस्पिटलात मला असं कोण सांगणार आहे?”

मी दाराकडे बघितलं. जाऊबाई रडत होत्या. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याला किती वर्षं झाली, पण मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगू, मला ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी ओरडावं, हेच बरं वाटतं.

सून म्हणाली, “आई, आत या ना. तिकडे काय उभ्या आहात?”

त्या आत आल्या. पलंगाच्या कडेला, अगदी टोकावर बसल्या. शेवटी म्हणाल्या, “सकाळी पहिल्या फेरीत तुझंच लावते. दुसरं काही घालत नाही.”

आणि मॅडमच्या टेबलावरची किल्ली परत उचलून तसंच केलं. मी भल्या सकाळी नवं कापड दिव्यावर धरून, उलटसुलट बघून, पुन्हा बघून दिलं. त्यांनी एवढ्या मोठ्या मशीनमध्ये एकच पॅक ठेवला, मधोमध. फेरी संपल्यावर दार उघडून तो नीट निवू दिला. मग जाऊबाईंनी तो बाहेर काढला, चारी कोपरे बघितले, खालची बाजू बघितली, पुन्हा वरची बघितली. खिडकीपलीकडे सिस्टर येऊन उभ्या होत्या, तरी ह्यांचं बघणं संपेना. मी लांबच उभी राहिले. माझ्या कामात त्यांनी शंभर खोड्या काढल्या आहेत, पण त्यांच्या कामात मी नाक खुपसलेलं त्यांना कधी खपलं नव्हतं.

त्या माझ्याकडे वळल्या आणि पॅक माझ्यासमोर धरला.

“कोरडा आहे का गं?” त्यांनी विचारलं. “तू सांग.”

मी हात धुतले, पुसले, आणि कापडावरून हात फिरवून बघितलं. नीट बघितलं, सगळ्या बाजूंनी. म्हटलं, “कोरडा आहे, जाऊबाई.”

त्यांनी पुन्हा तपासला नाही.